यंत्राचा ठेका: इंडस्ट्रियल मेटलचा इतिहास आणि ऐकण्याजोगे अल्बम

इंडस्ट्रियल मेटल हा रॉक संगीताचा प्रकार १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. हेवी मेटलची जड, करकरीत गिटार आणि यंत्रासारखा न थकणारा ताल ही त्याची ओळख. हा ताल बहुतेक वेळा ड्रम मशीन किंवा सॅम्पलरमधून येतो. ड्रमवर माणूस बसलेला असला तरी त्याच्याकडून यंत्राच्या काटेकोरपणाची अपेक्षा असते. गायकाचा आवाज मुद्दाम फाटका केलेला, उपकरणांतून गाळून काढलेला असतो आणि मधूनच चित्रपटांतले संवाद, पुढाऱ्यांची भाषणे, धातूवर पडणारे घाव ऐकू येतात. या प्रकाराला दोन पूर्वज आहेत, इंडस्ट्रियल संगीत आणि हेवी मेटल. दोघेही कारखान्यांच्या छायेत जन्मले. हेवी मेटल जन्मले तेव्हा इंग्लंडमधले कारखाने चालू होते; इंडस्ट्रियल संगीत आले तेव्हा ते बंद पडू लागले होते.

‘इंडस्ट्रियल’ हे नाव आले लंडनमधून. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर या चौघांनी १९७५ मध्ये थ्रॉबिंग ग्रिसल हा गट सुरू केला. त्याआधी पी-ऑरिज आणि टुटी हल या बंदराच्या शहरात ‘कूम ट्रान्समिशन्स’ नावाने रस्त्यावरचे आणि कलादालनांतले प्रयोग करत. ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये त्यांचे एक प्रदर्शन भरले आणि सरकारी पैशांतून अश्लीलता पोसली जाते म्हणून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. त्याच सुमारास गटाने स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. हॅकनी भागातल्या त्यांच्या तालमीच्या जागेला ते ‘डेथ फॅक्टरी’ म्हणत. कार्टरला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता. आवाज मोडून-तोडून टाकणारी उपकरणे तो घरीच जोडून बनवी. ‘द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ (१९७७) या अल्बमचे नाव एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालासारखे आहे आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या ७८५. त्यात गाणे असे जवळजवळ नाही. घरघर, गुणगुण आणि मधून माणसाचा त्रासलेला आवाज. नवख्याने तो पहिल्यांदा हाती घेऊ नये. ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ (१९७९) हा त्यांचाच अल्बम अधिक खेळकर आणि अधिक फसवा आहे. मुखपृष्ठावर हिरवळीवर हसत उभे असलेले चौघे दिसतात. ती जागा म्हणजे आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला बीची हेडचा कडा.

थ्रॉबिंग ग्रिसल १९८१ मध्ये मोडला, पण नाव रुळले. पोलादाच्या शेफील्ड शहरात कॅबरे व्हॉल्तेर हा गट १९७३ पासूनच टेपचे तुकडे जोडून संगीत करत होता. तोही आता याच नावाखाली मोजला जाऊ लागला.

प्रत्यक्ष धातू संगीतात आणला तो पश्चिम बर्लिनने. आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन हा गट १ एप्रिल १९८० रोजी पहिल्यांदा रंगमंचावर आला. भिंतीने वेढलेल्या त्या शहरात घरभाडे कमी होते, पण तरुण कलावंतांच्या हाती पैसा नव्हता. तालवादक एन. यू. उनरूने पैशांच्या अडचणीत ड्रम विकून टाकले आणि भंगारातले लोखंड, पत्रे, नळ्या यांवर वाजवायला सुरुवात केली. गरजेतून निघालेली ही युक्तीच पुढे गटाची शैली झाली. ‘कोलाप्स’ (१९८१) हा त्यांचा पहिला अल्बम ऐकताना ब्लिक्सा बार्गेल्डचे ओरडणे आणि लोखंडावरचे घाव यांत फरक करणे अवघड जाते. जानेवारी १९८४ मध्ये गटातल्या काहींनी लंडनच्या त्याच इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये काँक्रीट मिक्सर आणि ड्रिल घेऊन एक कार्यक्रम केला. रंगमंचालाच भोके पडू लागल्यावर आयोजकांना तो थांबवावा लागला.

लंडनच्या न्यू क्रॉस भागातला टेस्ट डिपार्टमेंट हा गटही भंगारातूनच वाद्ये उचलत होता, पण त्याची दिशा उघड राजकीय होती. १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात हा गट कामगारांच्या बाजूने उभा राहिला आणि साउथ वेल्समधल्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर त्याने ‘शोल्डर टू शोल्डर’ (१९८५) हा अल्बम केला. एका बाजूला खाणीतल्या माणसांचे परंपरागत समूहगान, दुसऱ्या बाजूला पिंपांवर आणि पत्र्यांवर पडणारे ठोके. इंडस्ट्रियल संगीताने कारखान्याकडे पुष्कळदा दुरून, कलावंताच्या कुतूहलाने पाहिले. तिथे राबणाऱ्यांना सोबत घेतल्याची उदाहरणे थोडी, आणि म्हणून हा अल्बम मोलाचा.

युगोस्लाव्हियातल्या त्रबोव्हल्ये या कोळसा खाणींच्या गावी १९८० मध्ये स्थापन झालेल्या लायबाखने वेगळीच वाट काढली. लष्करी गणवेश, नगारे, घोगरा भारदस्त आवाज आणि हुकूमशाहीचे सगळे देखावे जसेच्या तसे उचलून त्याने प्रेक्षकांसमोर ठेवले. हा उपहास आहे की खरे आहे, हे मात्र कधी सांगितले नाही. ‘ओपुस डेई’ (१९८७) मध्ये त्यांनी क्वीन या ब्रिटिश बँडचे एक लोकप्रिय गाणे जर्मनमध्ये, मोर्चाच्या तालावर गाऊन त्यातली छुपी हुकूमत उघडी पाडली. पुढे रामस्टाइन या जर्मन बँडने जे काही केले त्याचा मोठा भाग या अल्बममध्ये आधीच ऐकू येतो.

दुसऱ्या पूर्वजाची कथा बर्मिंगहॅमची. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण आणखी कमी करत नेला. ब्लॅक सबाथचा फेब्रुवारी १९७० मध्ये आलेला पहिला अल्बम हा हेवी मेटलचा आरंभ मानला जातो, आणि त्या जड, खालच्या पट्टीतल्या आवाजात या अपघाताचाही वाटा आहे.

दोन प्रवाह एकदम मिळाले नाहीत. मधल्या दहा वर्षांत काही बँड त्यांच्यामधल्या सीमेवर उभे होते. लंडनच्या किलिंग जोकचा ‘किलिंग जोक’ (१९८०) हा अल्बम त्यांतला पहिला महत्त्वाचा. त्यातले ड्रम माणूसच वाजवतो, पण जॉर्डी वॉकरची गिटार एकाच ठशावर इतकी रेटून चालते की यंत्राची आठवण व्हावी. मेटालिकाने १९८७ मध्ये या अल्बममधले एक गाणे स्वतः वाजवले, त्यावरून मेटलवाल्यांनी तो किती कान देऊन ऐकला होता हे कळते. न्यूयॉर्कच्या स्वान्सने ‘फिल्थ’ (१९८३) आणि ‘कॉप’ (१९८४) या अल्बममध्ये ठोका इतका संथ आणि जड केला की तो संगीतापेक्षा शिक्षेसारखा वाटावा. स्टीव्ह अल्बिनीच्या बिग ब्लॅकने ड्रमवादक ठेवलाच नाही. रोलँड कंपनीचे टीआर-६०६ हे छोटे ड्रम मशीन वापरले आणि वेष्टनावर ‘रोलँड’ असे त्याचे नाव सदस्यासारखे छापले. ‘ॲटमायझर’ (१९८६) मधली गिटार पत्रा कापल्यासारखी धारदार आहे. स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्ट या मेटल बँडनेही ‘इनटू द पँडेमोनियम’ (१९८७) मध्ये ड्रम मशीन आणि अंतराळवीरांच्या संभाषणाचे तुकडे घेऊन एक प्रयोग केला. मेटलच्या चाहत्यांना तो तेव्हा पचला नाही.

सॅम्पलर आला आणि चित्र बदलले. कोणताही आवाज मुद्रित करून कळफलकावर वाजवता येणारे हे यंत्र सुरुवातीला अतिशय महाग होते; १९८०च्या दशकाच्या मध्यावर ते मध्यम कुवतीच्या गटांच्याही आवाक्यात येऊ लागले. त्याचा सर्वांत धाडसी उपयोग केला तो स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर्गमधल्या द यंग गॉड्सने. या बँडमध्ये गायक, ड्रमवादक आणि सॅम्पलर एवढेच, गिटारवादक नाही. गिटारचे तुकडे ऑर्केस्ट्राच्या तुकड्यांशेजारी सॅम्पलरमधून येतात. ‘लो रूज’ (१९८९) हा फ्रेंच भाषेतला अल्बम आजही नवा वाटतो आणि इंडस्ट्रियल मेटलच्या याद्यांमध्ये तो वारंवार सुटतो, हा त्याच्यावरचा अन्यायच.

अमेरिकेत या साऱ्याचे केंद्र ठरले शिकागो. जिम नॅश आणि डॅनी फ्लेशर या जोडप्याचे वॅक्स ट्रॅक्स! हे रेकॉर्डचे दुकान डेन्व्हरहून १९७८ मध्ये शिकागोला आले. युरोपातून मागवलेल्या दुर्मिळ तबकड्या तिथे मिळत. पुढे दुकानाचीच ध्वनिमुद्रिका कंपनी झाली आणि बेल्जियमच्या फ्रंट २४२पासून जर्मनीच्या केएमएफडीएमपर्यंत अनेकांचे अल्बम तिने अमेरिकेत आणले. करार बहुधा तोंडी होत. हा भाबडेपणा शेवटी महागात पडला. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच दुकानाच्या वर्तुळात हवानात जन्मलेला अल जूर्गेन्सन वावरत होता. त्याच्या मिनिस्ट्री या बँडचा पहिला अल्बम ‘विथ सिंपथी’ (१९८३) गोड सिंथेसायझर पॉपचा होता. जूर्गेन्सनने तो पुढे अनेक वर्षे नाकारला. ‘ट्विच’ (१९८६) मध्ये आवाज कठीण झाला, आणि ‘द लँड ऑफ रेप अँड हनी’ (१९८८) मध्ये पॉल बार्करच्या साथीने गिटार आत आली. अल्बमच्या नावामागे एक गंमत आहे. कॅनडातल्या टिस्डेल या शेतीप्रधान गावाचे ते घोषवाक्य होते. त्यातला ‘रेप’ म्हणजे मोहरीच्या जातीचे तेलबी पीक. गावाने हे वाक्य २०१६ मध्ये बदलले. या अल्बमची पहिली तीन गाणी म्हणजे इंडस्ट्रियल मेटलचा पाया म्हणता येईल. तोकडे, धारदार गिटारचे तुकडे सॅम्पलरमध्ये घालून पुन्हा पुन्हा तसेच्या तसे वाजवले आहेत. माणसाने तेच वाजवले असते तर दर वेळी केसभर फरक पडला असता. इथे तो पडत नाही, आणि त्या न पडणाऱ्या फरकातच सगळी दहशत आहे.

‘द माइंड इज अ टेरिबल थिंग टु टेस्ट’ (१९८९) नंतरच्या दौऱ्यात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये तारेचे जाळीदार कुंपण उभारले जाई आणि दोन ड्रमवादक बाजूबाजूला बसत. ‘साम ६९’ (१९९२) या पुढच्या अल्बमने मिनिस्ट्रीला मोठ्या मैदानांवर नेले. अमेरिकेत त्याच्या १० लाख प्रतींची नोंद झाली. टेक्सासचा वेगवान मेटल गिटारवादक माइक स्काशिया तोवर बँडमध्ये आला होता आणि वेग वाढला होता. त्यात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भाषणाचा तुकडा ठोक्यासारखा वापरला आहे. नवख्या श्रोत्यासाठी मिनिस्ट्रीचा हाच अल्बम सर्वांत सोपा दरवाजा आहे. १९८८ चा मात्र अधिक महत्त्वाचा.

तरी या प्रकाराचा सर्वांत मोठा अल्बम शिकागोचा नाही, बर्मिंगहॅमचाच. जस्टिन ब्रॉड्रिक हा त्या शहरातला मुलगा किशोरवयातच नेपाम डेथ या अतिवेगवान बँडमध्ये गिटार वाजवत होता. ‘स्कम’ (१९८७) या त्यांच्या अल्बमच्या पहिल्या बाजूवर तो आहे; सव्वा-दीड सेकंदात संपणारे, जगातले सर्वांत छोटे म्हणून नोंदले गेलेले गाणेही त्याच बाजूवर आहे. तिथून बाहेर पडून त्याने उलटी दिशा धरली. बेन ग्रीन या जुन्या मित्राबरोबर १९८८ मध्ये गॉडफ्लेश स्थापन केला तो अगदी संथ, अगदी जड संगीतासाठी. दोघांकडे ड्रमवादक नव्हता, म्हणून अलेसिस कंपनीचे ड्रम मशीन घेतले. वेष्टनावर गिटार आणि गायन ब्रॉड्रिक, बास ग्रीन, आणि तालापुढे ‘मशीन्स’ असे छापले.

‘स्ट्रीटक्लीनर’ नोव्हेंबर १९८९ मध्ये नॉटिंगहॅमच्या इअरेक या कंपनीने काढला. ब्रॉड्रिक तेव्हा वीस वर्षांचा होता. मुखपृष्ठावर केन रसेलच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटातले ज्वाळांमधल्या क्रुसांचे दृश्य आहे. अल्बममध्ये ड्रम मशीन ठोकण्याच्या यंत्रासारखे चालते, पण त्याच्या मांडणीत अमेरिकी हिप-हॉपची लय आहे. ब्रॉड्रिक त्या संगीताचा भक्त होता आणि मेटलच्या दुनियेत तेव्हा हे अपूर्व होते. ग्रीनचा बास घरंगळणाऱ्या लोखंडी साखळीसारखा वाजतो. गिटार फार थोडे स्वर वाजवते, बाकी वेळ विव्हळते. आणि या सगळ्याखाली गाडला गेलेला ब्रॉड्रिकचा आवाज. मिनिस्ट्रीमध्ये माणूस यंत्र चालवतो, त्यावर बसून मिरवतो. गॉडफ्लेशमध्ये माणूस यंत्राखाली आहे. हा फरक एकदा कानाला कळला की बाकीचे बहुतेक बँड या दोन टोकांमध्ये कुठे ना कुठे बसवता येतात. ‘स्ट्रीटक्लीनर’ची विक्री मिनिस्ट्रीच्या जवळपासही गेली नाही, पण फिअर फॅक्टरीपासून कितीतरी बँडनी त्याचे ऋण मान्य केले आहे. पुढचा ‘प्युअर’ (१९९२) अधिक कोरडा, अधिक मोकळा. पहिला पचला तरच घ्यावा.

या प्रकाराला घराघरांत नेले ते ट्रेंट रेझ्नरने. क्लीव्हलँडच्या एका स्टुडिओत साफसफाईपासून तांत्रिक मदतीपर्यंत पडेल ते काम करत तो रात्री रिकाम्या वेळात स्वतःची गाणी मुद्रित करी. नाइन इंच नेल्स या नावाने आलेला ‘प्रिटी हेट मशीन’ (१९८९) नाचता येण्याजोगा होता. ध्वनिमुद्रिका कंपनीशी भांडण झाल्यावर त्याने गुपचूप मुद्रित केलेला ‘ब्रोकन’ (१९९२) मात्र संतापाचा स्फोट आहे. त्यातल्या एका गाण्याला मेटल विभागाचे ग्रॅमी मिळाले. आठच गाण्यांचा हा छोटा संच रेझ्नरच्या कामात सर्वांत जास्त ‘मेटल’ आहे, म्हणून या प्रकाराच्या चाहत्याने तो आधी ऐकावा.

‘द डाउनवर्ड स्पायरल’ मार्च १९९४ मध्ये आला आणि अमेरिकी विक्रीच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. तो मुद्रित झाला लॉस एंजेलिसमधल्या ज्या घरात, तिथे १९६९ मध्ये अभिनेत्री शॅरन टेटचा खून झाला होता. या गोष्टीची प्रसिद्धी गरजेपेक्षा जास्त झाली. अल्बमचे मोठेपण तिथे नाही. ते आहे आवाजांच्या थरांमध्ये. मोडक्या यंत्राचा खडखडाट, अचानक उघडी पडणारी शांतता, कुजबुज, पुन्हा भडका, असे सगळे मिळून एका माणसाच्या ढासळत जाण्याची सलग कथा बनते. शेवटचे गाणे २००२ मध्ये वयोवृद्ध जॉनी कॅशने साध्या गिटारवर गायले आणि इंडस्ट्रियल शब्दही न ऐकलेल्या लोकांपर्यंत ते पोचले. रेझ्नरला पुढे चित्रपट संगीतासाठी ऑस्करही मिळाले. त्याच्याच देखरेखीखाली मर्लिन मॅन्सनचा ‘अँटिक्राइस्ट सुपरस्टार’ (१९९६) तयार झाला. त्यात धक्का देण्याचा सोस संगीतापेक्षा मोठा आहे.

लॉस एंजेलिसच्याच फिअर फॅक्टरीने प्रश्न उलटा केला. यंत्र माणसासारखे वाजवता येते का, यापेक्षा माणूस यंत्रासारखा वाजवू शकतो का? ‘डिमॅन्युफॅक्चर’ (१९९५) मध्ये रेमंड हरेराचे पायांनी वाजणारे दोन ड्रम आणि डिनो कझारेसची गिटार इतकी एकजीव आहेत की दोन्ही मिळून एकच वाद्य वाटावे. वर बर्टन बेलचा आवाज कधी गुरगुरतो, तर कधी स्वच्छ सुरात गातो; ही जोडी पुढे मेटलमध्ये सर्रास झाली. कॅनडातल्या फ्रंट लाइन असेंब्लीचा रीस फल्बर याने त्यात इलेक्ट्रॉनिक थर चढवले. त्याच कॅनडातल्या डेव्हिन टाउनसेंडच्या स्ट्रॅपिंग यंग लॅडचा ‘सिटी’ (१९९७) म्हणजे महानगराच्या गोंगाटाचे एकच प्रचंड भिंताड आहे. ब्राझीलचा मॅक्स काव्हालेरा आणि इंग्लंडचा ॲलेक्स न्यूपोर्ट यांच्या नेलबॉम्बचा ‘पॉइंट ब्लँक’ (१९९४) हा एकुलता स्टुडिओ अल्बम ओबडधोबड आहे, पण त्यात जी ऊर्जा आहे ती पुष्कळ सफाईदार अल्बममध्ये नाही.

जर्मनीत ही परंपरा पोलादाशी थेट जोडलेली होती. ड्युसेलडॉर्फच्या डी क्रुप्सने नाव घेतले ते प्रसिद्ध पोलाद उद्योगपती घराण्याचे, आणि १९८१ मधल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘श्टालवेर्कझिंफोनी’, म्हणजे पोलाद कारखान्याची सिंफनी. पोलादी पट्ट्यांचे एक वाद्यही त्यांनी बनवून घेतले होते. मेटालिकाच्या प्रभावाखाली १९९२ पासून त्यांनी गिटार आणली. ‘टू – द फायनल ऑप्शन’ (१९९३) हा या वळणाचा चांगला नमुना. केएमएफडीएमची सुरुवात पॅरिसमध्ये २९ फेब्रुवारी १९८४ रोजी एका कलाप्रदर्शनातल्या प्रयोगाने झाली, घडण हॅम्बर्गमध्ये आणि भरभराट अमेरिकेत. ‘निहिल’ (१९९५) हा त्यांचा सर्वांत बांधीव अल्बम. मोटारींच्या कारखान्याभोवती वसलेल्या वोल्फ्सबुर्गमधून ऊम्फ! हा बँड आला.

या साऱ्यांचे पीक घेतले रामस्टाइनने. १९९४ मध्ये बर्लिनमध्ये एकत्र आलेले हे सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले. पॉल लँडर्स आणि फ्लाके लोरेन्ट्स हे दोघे भिंत पडण्याआधी पूर्व बर्लिनच्या फीलिंग बी या पंक बँडमध्ये होते, तर गायक टिल लिंडेमान तरुणपणी स्पर्धात्मक जलतरणात होता. बँडच्या नावामागे १९८८ च्या रामश्टाइन विमानतळावरच्या हवाई कसरतींतला भीषण अपघात आहे. इंग्रजीत गायल्याशिवाय जगभर नाव होत नाही हा समज त्यांनी मोडला. ‘झेनझुख्ट’ (१९९७) जर्मन भाषेत असूनही अमेरिकेत १० लाखांवर खपला. डेव्हिड लिंचने ‘लॉस्ट हायवे’ या चित्रपटात त्यांची गाणी घेतल्याचाही त्यांना फायदा झाला. आगीचे खेळ ही त्यांच्या कार्यक्रमांची ख्याती, आणि लिंडेमानने त्यासाठी रीतसर परवाना घेतला. संगीत म्हणून पाहिले तर रामस्टाइनने नवे फारसे शोधले नाही. लायबाखचा रुबाब, मिनिस्ट्रीची गिटार आणि नाचाचा ताल यांची त्यांनी इतकी पक्की मोट बांधली की सत्तर हजारांचे मैदान एकत्र उडी मारते. ‘मुटर’ (२००१) हा त्यांचा सर्वांत समतोल अल्बम, आणि सुरुवातीला ऐकायलाही तोच बरा.

शतक संपताना ओहोटी लागली. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि वृत्तवाहिन्यांनी संगीताकडे बोट दाखवले. मारेकरी केएमएफडीएमचे चाहते होते, आणि त्या बँडचा ‘आदिओस’ हा अल्बम योगायोगाने त्याच दिवशी प्रकाशित झाला. बँडने हिंसेचा तातडीने निषेध केला. मॅन्सनवरही आरोपांची झोड उठली. मात्र ओहोटीचे कारण तेवढेच नव्हते. संगणकावरचे मुद्रण स्वस्त झाल्यावर यंत्रासारखा अचूक ताल कुठल्याही मेटल बँडला मिळू लागला. जे एकेकाळी अंगावर येत होते ते रोजचा मुलामा झाले. स्टॅटिक-एक्सचा ‘विस्कॉन्सिन डेथ ट्रिप’ (१९९९) मजेदार आहे, पण त्यातल्या यंत्राला घाबरावे असे काही उरलेले नाही.

खरी जिवंतपणाची चिन्हे याच काळात आडबाजूला दिसतात. नॉर्वेच्या मिस्टिकमने ‘इन द स्ट्रीम्स ऑफ इन्फर्नो’ (१९९६) मध्ये ब्लॅक मेटलच्या थंड, विषारी गिटारखाली बेफाम वेगाचे ड्रम मशीन लावले. स्वित्झर्लंडच्या सामाएलने ‘पॅसेज’ (१९९६) साठी ड्रमवादकालाच कळफलकामागे बसवले. आणि सॅन डिएगोत ट्रिस्टन शोन हा यांत्रिकी अभियंता ऑथर अँड पनिशर या नावाने संगीत करतो. सरकते दांडे, जड चाके, दट्टे अशी वाद्ये तो स्वतः आखतो आणि यंत्रशाळेत घडवतो. ती वाजवायला ताकद लागते आणि वाजवताना शरीर थकते. त्याचा ‘क्रूलर’ (२०२२) हा गेल्या काही वर्षांतला या प्रकारातला उत्तम अल्बम आहे. गॉडफ्लेश २००२ मध्ये फुटला, २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि ‘पर्ज’ (२०२३) पर्यंत तेच दोघे आणि तेच यंत्र, हा संच कायम राहिला.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘मुटर’ आणि ‘साम ६९’ पासून सुरुवात करावी, मग ‘ब्रोकन’ आणि ‘डिमॅन्युफॅक्चर’ घ्यावेत, आणि कान तयार झाल्यावर ‘द डाउनवर्ड स्पायरल’, ‘द लँड ऑफ रेप अँड हनी’ आणि ‘लो रूज’ यांकडे वळावे. ‘कोलाप्स’ आणि ‘शोल्डर टू शोल्डर’ हे मेटल नाहीत, पण ते ऐकल्यावर बाकीचे सगळे वेगळे ऐकू येतात. एकच अल्बम निवडायचा असेल तर तो ‘स्ट्रीटक्लीनर’, आणि तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. ग्रीनचा बास तिथे पोचतच नाही.